मशीनवाल्या मावशींचे वाचक

आसपासच्या गल्ल्यांत त्यांना सगळे मशीनवाल्या मावशी म्हणत. शिलाई मशीन कुरकुरलं, रुसलं की लोक त्यांच्याकडे धावायचे. पुढे गुडघे बोलायला लागले, तसं मावशींनी दुकान बंद केलं. त्या घरात बसून कंटाळल्या, तेव्हा सुनेनं त्यांना ब्लॉग काढून दिला.

"आई, मशीनचं जे जे येतं ते लिहा. लोक वाचतील."

किती लोक वाचतात हे कुठे बघायचं, तेही तिनंच दाखवलं. तिथेच घात झाला. सकाळी उठल्या उठल्या मावशी आकडा बघायच्या आणि कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत लिहून ठेवायच्या. आकडा चढला की स्वारी खूश. उतरला की नवऱ्याची काही धडगत नसे.

"अगं, ज्याला वाचायचं तो वाचेल," तो म्हणायचा.

"तुम्ही वाचलंत?"

यावर तो चष्मा शोधायला लागायचा.

एका रविवारी आकडे चाळता चाळता सुनेला हसू फुटलं. "आई, स्वतःचा ब्लॉग दिवसातून किती वेळा उघडता?"

"येता-जाता. चूक राहिली का, बघायला नको?"

"मग यातल्या निम्म्याहून जास्त भेटी तुमच्याच! आपल्याच घराची बेल वाजवायची आणि 'कोण आलं' म्हणून आपणच दार उघडायचं!"

मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुनेनं सेटिंग बदललं. घरातले फोन आणि कॉम्प्युटर मोजणीतून वगळले. दुसऱ्या दिवशी आकडा असा आपटला की लिहायला हात धजेना. तरी त्यांनी लिहिला. मापात पाप त्यांना कधीच चाललं नव्हतं.

पण स्वतःची वर्दळ हटल्यावर एक गोष्ट नजरेत आली. कुणीतरी रोज सकाळी एकच पान उघडत होतं, मशीनमधली खालच्या दोऱ्याची बॉबिन कशी बसवायची ते, आणि पान तासभर उघडंच राहत होतं. इतकं वाचण्यासारखं त्यात होतं काय? मजकूर तर वीतभर! कुणीतरी अडलंय, असं मावशींच्या मनानं घेतलं. त्यांनी पानाखाली फोन नंबर टाकला आणि लिहिलं, 'अडलं असेल तर खुशाल फोन करा.'

दोन दिवसांनी फोन आला. शिवणक्लास घेणाऱ्या एक बाई बोलत होत्या.

"मी तुमचं पान भिंतीवर मोठं करून दाखवते. वर्ग बायकांनी भरलेला असतो."

मावशी खाली बसल्या. "म्हणजे ती एक भेट... अख्खा वर्ग?"

"हो ना. पण रागावणार नसाल तर सांगते. फोटोत आहे तसं बसवलं की खालून दोऱ्याचा नुसता गुंता होतो. तो सोडवण्यातच आमचा तास जातो."

मावशींनी फोटो पुन्हा निरखला. हात मोकळे राहावेत म्हणून त्यांनी फोन डब्याला टेकवून, स्वतःकडे तोंड केलेल्या कॅमेऱ्यानं तो काढला होता. फोटो आरशासारखा उलटा आला होता. मजकूर अगदी बरोबर होता, पण समोर चित्र असताना मजकूर कोण वाचतो?

"कर्म माझं! वर्गच्या वर्ग उलटा शिकवला मी," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्याच दिवशी नवऱ्याच्या खांद्याचा आधार घेत क्लासचा जिना चढल्या.

"या, गुंतावाल्या मावशी!" आतून कुणीतरी ओरडलं आणि सगळ्या जणी हसल्या. मावशीही हसल्या. मग त्या एकेका मशीनपाशी गेल्या, एकेकीचा हात धरून त्यांनी बॉबिन बसवून घेतली. नवा फोटो एका मुलीच्या हातांचा घेतला. कॅमेरा कोणता, हे दोनदा विचारून.

त्यानंतर ते पान सकाळी जेमतेम पाच मिनिटं उघडं राहू लागलं. नवऱ्यानं मावशींच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं.

"घसरला की गं मिनिटांचा आकडा!"

"घसरू दे," मावशी म्हणाल्या. "बाजूला व्हा जरा, उजेड अडवताय. त्या बायकांना आता सुई का मोडते ते हवंय."