झाडूबाईंचा डावा डोळा

आमच्या बाई नववीच्या वर्गावर पहिल्या तासाला खराटा घेऊन यायच्या. टेबलावर आडवा ठेवायच्या आणि विचारायच्या, "झाडूवाल्यांनी संप केला तर शनिवार पेठेचं काय होईल?" पोरं नाक दाबून दाखवायची. "पेशीतही तेच होतं," असं म्हणून बाई शिकवायला लागायच्या. जीवशास्त्राच्या या बाईंना सगळी शाळा झाडूबाई म्हणायची. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

डोळा हा त्यांचा लाडका धडा. दृष्टिपटलामागे पेशींचा एक पातळ थर असतो. प्रकाश टिपून झिजलेले तुकडे या पेशी रोज गिळतात आणि पचवतात. बाई हे असं सांगायच्या, की पहाटे ढकलगाडी घेऊन निघालेल्या बायकाच समोर दिसायच्या. "ऊन, धूर, वय, सगळ्यांचा ताण त्या पेशींवर. म्हातारपणी त्यांचा हात मंदावतो. अर्धवट पचलेला कचरा आत साठतो, खाली पिवळे ठिपके धरतात, आणि नजरेचा नेमका मधला भाग जातो." पेठेतल्या सफाईचं काम ठेकेदाराकडे जाणार अशी बातमी आली, तेव्हा मोर्चाच्या पहिल्या रांगेत याच बाई होत्या. त्यांचं विज्ञान एका कप्प्यात आणि राजकारण दुसऱ्यात, असं कधी नव्हतंच.

मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलो. घरात वर्तमानपत्राआधी पत्रक वाचलं जायचं. बाई निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं मिळून पत्रकं काढू लागलो. तेव्हा शहरात काचेच्या इमारती उगवत होत्या. हडपसरला संगणक कंपन्यांच्या, इकडे डोळ्यांच्या दवाखान्यांच्या. गरज नसताना लोकांना टेबलावर झोपवलं जातंय, अशी आमची खात्री होती. बाईंनी लिहिलं, 'मोतीबिंदूच्या ऑपरेशनची घाई करू नका. काचेला भुलू नका.' ते घरोघर वाटलं.

हडपसरला कंपनीच्या फाटकाबाहेर टपरीवर सिगारेटी ओढणाऱ्या पोरांनाही बाई गाठायच्या. धुराने डोळ्यामागच्या पेशींचं काय होतं, ते उभ्या उभ्या ऐकवायच्या. एकजण म्हणाला, "आजी, टेन्शन नका घेऊ, आमचा मेडिक्लेम आहे."

"तुझा आहे रे. तुझ्या पेशींचा काढलायस का?"

सगळे हसले. त्याने सिगारेट विझवली आणि आमची पाठ वळताच दुसरी पेटवली.

पुढे बाईंनाच अक्षरं पुसट दिसायला लागली. मी डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणायच्या, "मोतीबिंदू आहे, होऊ दे तयार. लोकांना घाई करू नका म्हणून सांगते, आणि मीच पळत जाऊ?" हिवाळा असाच गेला.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी मी त्यांच्या खोलीत प्रुफं तपासत होतो. बाई उजव्या कुशीवर आडव्या झाल्या होत्या, उजवा डोळा उशीत रुतलेला. समोरच्या खिडकीचे गज त्यांना मधोमध वाकलेले दिसले. त्यांनी तडक घरमालकांना वर बोलावलं.

"अहो, तुमचे गज वाकलेत. चोर येऊन गेला की काय?"

"भाडं वाढवू नये म्हणून आता गजांवर आलात का, बाई?" मालक म्हणाले. पण माणूस बांधकामातला. खाली जाऊन गवंड्याचा ओळंबा घेऊन आले आणि गजाशेजारी दोरी सोडली. "बघा. सरळसोट!"

उठून बसल्यावर बाईंना गज सरळच दिसत होते. त्यांनी उजवा डोळा तळहाताने झाकला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"तुमची दोरीही वाकडी आहे."

मालक मोठ्याने हसले. बाई हसल्या नाहीत. वजन लावलेली दोरी वाकडी लोंबत नाही, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. "चल रे," त्या मला हळूच म्हणाल्या, "रिक्षा बघ."

गेलो ते काचेच्याच इमारतीत. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मोतीबिंदू अगदी थोडा आहे. दुखणं मागे आहे. कचरा साठलेल्या थराखाली नव्या, नाजूक रक्तवाहिन्या उगवल्यात, त्यातून रक्त गळलंय. डोळ्यात द्यायचं नवं इंजेक्शन निघालंय, पण इथे आता व्रण धरलाय. गेलेलं परत येणार नाही."

"हिवाळ्यात आले असते तर?"

"बरीचशी नजर वाचली असती."

स्पष्ट बोलल्याबद्दल बाईंनी त्यांचे आभार मानले. 

दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "नवं पत्रक काढू. माझ्या नावानं. लिही, आधीचं अर्धवट होतं. एकेक डोळा झाकून बघा. सरळ रेघ वाकडी दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा."

मी भडकलो. "बाई, आपण खोटं नव्हतो बोललो! हे छापलं तर तेच दवाखानेवाले ते आपल्या दारावर आणून चिकटवतील."

"चिकटवू देत. डिंक त्यांचा जाईल. चूक घरोघर वाटायची आणि दुरुस्ती मनात ठेवायची? मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय राहिला? आणि खाली हेही लिही, की ते इंजेक्शन पेन्शनीत बसत नाही. तेही खरंच आहे."

मी छापलं. चौकात आमची टिंगल झाली.  बाई एकटीदुकटी म्हातारी माणसं गाठून त्यांना डोळा झाकायला लावत होत्या.

उजव्या डोळ्यात काही गळलं नाही. तिथे नुसताच कचरा साठत गेला, आणि त्यावर इंजेक्शनही नव्हतं.

शेवटचा भेटलो तेव्हा "बाई, मी," म्हटल्यावर त्यांनी तोंड फिरवलं, कपाटाकडे. मला वाटलं, रागावल्या.

"रागावले नाही रे. मध्ये काही उरलेलं नाही, कडेनं दिसतं. तुला बघायचं तर कपाटाकडे बघावं लागतं." तशाच कपाटाकडे बघत म्हणाल्या, "दाढी वाढवलीस?"

"हो."

"काढ. पुढारी दिसतोस."

निघालो. मी दाराकडे सरकलो तशी त्यांची मान माझ्यापासून लांब, भिंतीकडे वळत गेली. मी जिन्यात दिसेनासा होईपर्यंत बाई मला बघत होत्या.