डाव्या कुशीवर

“बाई, तुम्हाला कुणी वळायला सांगितलं?”

मोठे डॉक्टर ओरडले आणि हातातलं पेन त्यांनी खाटेच्या दांड्यावर आपटलं. मी खाटेवर होते. पोलक्याची बटणं सोडलेली, पदर बाजूला. भोवती शिकाऊ डॉक्टरांचा घोळका, पोरं आणि पोरी. त्यातल्या एकानं माझ्या छातीला नळी लावली आणि मी आपली आपण डाव्या कुशीवर वळले. सारखं वळवत होते, म्हणून वळले. बैलाला वळण लागतं तसं.

माझ्या काळजातला बिघडलेला आवाज डाव्या कुशीवर नीट ऐकू यायचा. बाईला त्या कुशीवर वळवायचं, हे पोरांनी स्वतः ओळखायचं होतं. मी आधीच वळले आणि त्यांना फुकटात कळलं.

“पेशंटच उत्तर सांगायला लागला, तर परीक्षा कसली घ्यायची?” मोठे डॉक्टर म्हणाले. पोरं हसली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “मेल्यासारखं पडून राहायचं. वळवलं तर वळायचं.”

मी उताणी झाले. मेल्यासारखी पडले. एक झाला की दुसरा. गार नळी, गरम बोटं. माझ्या तोंडाकडं कुणी बघत नव्हतं.

माझं शिक्षण चौथी. शिरोलीच्या एमआयडीसीत एका ओतकामाच्या कारखान्यात मी वाळूच्या पाट्या उचलायची. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला मला धाप लागायला लागली. पाटी डोक्यावर घेतली की काळीज गळ्यात यायचं. बायका म्हणायच्या, भट्टीचा धूर बाधतोय. मुकादम म्हणायचा, कामाचा कंटाळा बाधतोय. शेवटी एकदा पाटीसकट खाली बसले, तेव्हा कोल्हापूरच्या एका मोठ्या दवाखान्यात गेले. तिथं डॉक्टरकी शिकणारी पोरंही होती. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. ज्यांना ओळखायचंय ते ओळखतील.

मोठ्या डॉक्टरांनी छाती ऐकली आणि त्यांचा चेहरा फुलला. शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरला हाक मारली. त्यानं ऐकलं, तोही खूश. दुखणेकऱ्याकडं बघून इतके खूश झालेले डॉक्टर मी आधी बघितले नव्हते. मला वाटलं, रोग सापडला म्हणून खूश असतील.

“काळजाची झडप आवळलीय, मायट्रल म्हणतात ती,” ते म्हणाले. “लहानपणी सांधे सुजले होते का?”

“व्हय.”

“तेच ते. गोळ्या खा. वर्षातनं दोनदा मशीनवर यायचं. चुकवायचं नाही.”

ही काळजी आहे असं मी धरून चालले. कारखान्यातला खाडा झाला तरी चुकवलं नाही. मशीनवर झोपवायचे, छातीला गार चिकट मलम लावायचे, पडद्यावर माझं काळीज दिसायचं. करडं, फडफडणारं. मोठे डॉक्टर आकडा सांगायचे आणि त्यांच्या हाताखालच्या मॅडम लिहून घ्यायच्या. त्यांचा अभ्यास चालला होता. आमच्यासारख्या बायकांची झडप दर वर्षाला किती बारीक होत जाते, याचा.

एकदा ते पडद्याकडं बघून म्हणाले, “छान!”

मी विचारलं, “म्हंजे बरं हाय न्हवं?”

ते हसले. “आमच्यासाठी छान.”

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मान खाली घातली आणि आकडा लिहिला.

पोरांना शिकवायचा एक हॉल होता. मधेमधे मला तिथंही बोलवायचे. मागच्या भिंतीला फळ्या आणि फळ्यांवर काचेच्या बरण्या. बरण्यांत औषधाच्या पाण्यात माणसांची काळजं. पांढुरकी, उकडल्यासारखी. बरण्यांवर चिठ्ठ्या होत्या. मी अक्षर लावून वाचायचा प्रयत्न केला. सगळं इंग्रजी. मोठे डॉक्टर कधी माझ्या छातीवर बोट ठेवायचे, कधी बरणीवर. “ही झडप आणि ती झडप. फरक एवढाच, ही अजून हलतेय.” पोरं लिहून घ्यायची.

त्या बरणीतली बाई कोण होती, हे मी एकदा विचारलं. “स्पेसिमन आहे,” असं उत्तर आलं. म्हणजे काय ते मला पुढं कळलं.

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर पैसे भरणाऱ्यांच्या खोल्या होत्या. तिथली बाई त्या हॉलमधल्या खाटेवर कधी आली नाही. तिची बटणं कुणी घोळक्यात सोडली नाहीत. खाली यायचो आम्ही. बौद्धवाड्यातल्या, कारखान्यातल्या, वाड्यावस्त्यांवरच्या. एकदा मोठे डॉक्टर पोरांना माझ्यासमोरच म्हणाले, “ही माणसं कटकट करत नाहीत. यांना सवय असते.”

सवय. माझ्या सासूनं गावच्या विहिरीवर घागर भरली म्हणून मार खाल्ला होता. छप्पन्न सालानंतर आमच्या घरात कुणी कुणाच्या पुढं वाकलं नव्हतं. आणि मी इथं छाती उघडी टाकून मेल्यासारखी पडत होते. का? तर हा डॉक्टर माझा जीव वाचवणार आहे म्हणून.

सुरेखा तिथंच भेटली. पन्हाळ्याच्या खालच्या अंगाला एका वाडीवरची, शेतकऱ्याच्या घरातली. माझ्या लेकीच्या वयाची. तिचंही दुखणं तेच. बाकावर शेजारी बसली आणि पहिला प्रश्न विचारला, “मावशी, आडनाव काय तुमचं?”

मी सांगितलं. तिनं डबा उचलला आणि मांडीच्या पलीकडं ठेवला. हळूच. मला दिसू नये अशा बेतानं.

“लांब सरकून काय उपयोग?” मी म्हणाले. “आत गेल्यावर तुझी बटणं आणि माझी बटणं सोडणारा हात एकच हाय.”

ती लाजली. पुढच्या खेपेला तिला ठसका लागला तेव्हा माझ्या बाटलीतलं पाणी प्याली. त्याचं मी कौतुक करणार नाही. तहान लागली होती, प्याली. पण त्यानंतर ती माझ्याशी बोलायला लागली. तिला मूल हवं होतं. सासू टोचून खात होती. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले होते, “बघा, राहिलं तर सांगा मला.” ‘सांगा मला’ का म्हणाले? ‘थांब’ का म्हणाले नाहीत?

राहिलं. तिनं सांगितलं. ते खूश झाले. पोटुशीच्या काळजावर भार वाढतो आणि बिघडलेला आवाज आणखी मोठा येतो म्हणे.

शांताक्का म्हणून एक आया तिथं कामाला होती. एक दिवस जिन्याखाली तिनं मला गाठलं. “वरच्या खोलीत एक बाई आलती. मोठ्या घरची. तिला बी तुझंच दुखणं. पंधरा दिवसांत पुण्याला नेली.”

“कशाला?”

“फुगा घालायला. मांडीच्या शिरेतनं तार घालत्यात, काळजापतुर नेत्यात आणि फुगा फुगवत्यात. झडप मोकळी. बाई चालत घरला गेली.”

मला खरं वाटेना. “मग मला का न्हाय सांगितलं?”

“तू खुळी का काय गं? तुझी झडप मोकळी झाली, तर ही पोरं ऐकणार काय?”

मी सरळ मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेले. “मला फुगा घाला.”

ते चिडले नाहीत. वाईटही वाटलं नाही त्यांना. दुकानदार ‘माल उद्या येईल’ म्हणतो, तसं म्हणाले, “परीक्षा होऊ द्या. फुगा घातला की आवाज जातो. एवढा सुंदर आवाज जिल्ह्यात दुसरीकडं नाही.”

“आणि सुरेखाचं?”

“तिचंही परीक्षेनंतर बघू.”

मी बाहेर आले. दुसरा दवाखाना कुठला, तिथं कुणाला विचारायचं, मला काही माहीत नव्हतं. सुरेखाला सोबत घेऊन येणाऱ्या तिच्या सासऱ्याला फुग्याचं सांगितलं. तो म्हणाला, “डॉक्टरास्नी कळंना आणि तुमास्नी कळतंय व्हय?” परीक्षा तोंडावर आली होती.

परीक्षेच्या दिवशी बाहेरगावचे परीक्षक आले. हॉलमध्ये खाटा मांडल्या. मधे पडदे. आम्हाला चहा-बिस्किटं दिली आणि बजावलं, रोगाचं नाव तोंडातून काढायचं नाही. पोरं विचारतील, रडतील, पाया पडतील. सांगायचं नाही.

सुरेखा माझ्या शेजारच्या खाटेवर. सातवा महिना. पायांवर सूज. ओठ जांभळे पडले होते, पिकल्या जांभळासारखे. तिला आडवं होता येत नव्हतं. आडवी केली की बुडणाऱ्या माणसासारखी हात मारायची. खोकल्यातून गुलाबी फेस आला. तिनं तो पदराला पुसला आणि पदर मुठीत लपवला. तिलाही वाटत होतं, आपण परीक्षा बिघडवू नये.

“मावशी,” ती पडद्याच्या फटीतून म्हणाली, “भिंत अंगावर आल्यागत वाटतंय.”

मी हाक मारली. मोठे डॉक्टर आले. त्यांनी तिची नाडी बघितली. हलक्या आवाजात मॅडमना म्हणाले, “एवढ्या दोन मुलांची परीक्षा होऊ दे. मग ऑक्सिजनला घ्या.”

“सर, तिला आत्ताच...” मॅडम म्हणाल्या.

“दोनच मुलं.”

एक पोरगा आत आला. त्यानं सुरेखाला डाव्या कुशीवर वळवलं.

ती वळली. मेल्यासारखी.

मी उठून बसले. बटणं लावली. एकूण एक लावली. खाटेवरून उतरले आणि मधला पडदा ओढला. तो दांडीसकट खाली आला.

“ऐका,” मी म्हणाले. “माझं दुखणं मायट्रल. झडप आवळलीय. हिचं बी तेच. सगळ्यांनी लिहून घ्या. परीक्षा झाली. आता हिला उचला.”

“बाई, बाहेर व्हा!” मोठे डॉक्टर ओरडले. “पुन्हा या दवाखान्यात पाय ठेवायचा नाही!”

“तुमास्नी माझी छाती लागती, पाय न्हाय. न्हाय ठेवत. आधी हिला उचला.”

बाहेरून आलेले एक म्हातारे परीक्षक पुढं आले. सुरेखाच्या ओठांकडं बघितलं. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. “ट्रॉली,” एवढंच म्हणाले. मग धावपळ झाली. तिला नेली. जाताना तिनं माझ्याकडं बघितलं का, मला आठवत नाही. शिपायानं माझ्या दंडाला धरलं होतं.

दोन दिवसांनी ती गेली. पोटातल्या बाळासकट.

मला फाटकाच्या आत सोडत नव्हते. म्हणून मी फाटकासमोरच्या चहाच्या गाड्यापाशी बसून होते. शांताक्कानं येऊन सांगितलं. थोड्या वेळानं सुरेखाचा सासरा बाहेर आला. हातात एक कागद. मागोमाग मॅडम आल्या. डोळे सुजलेले.

“इथं सही करा, म्हणजे बॉडी लवकर ताब्यात मिळेल,” त्या म्हणाल्या.

“कसला कागद?” मी विचारलं.

त्यांना खोटं बोलता आलं नाही. “सरांना तिचं काळीज हवंय. शिकवायला. अशी केस मिळत नाही. सात महिन्यांची आणि...”

बरणी. माझ्या डोळ्यांपुढं ती फळी आली. एक जागा रिकामी होती तिच्यावर. दर खेपेला बघत होते मी ती.

सासरा कागद भिंतीला लावून पेन उघडत होता. नियम असेल असं समजून. मी त्याचा हात धरला. त्याच्या घरात माझ्या हाताचं पाणी चाललं नसतं. त्या घटकेला तो हात त्यानं झटकला नाही.

“पावणं, काळीज काढून बरणीत घालणार हाईत. तुमच्या सुनंचं. माहीत हाय का?”

त्यानं पेन मिटलं. “मला कोन बोललं न्हाय.”

“कुणालाच बोलत न्हाईत.”

मी मॅडमना म्हणाले, “जिवंत होती तवा तिचं काळीज तुमच्याच हातात हुतं. तवा काय केलासा?”

त्यांनी कागद परत घेतला. घडी घातली. सुरेखा अख्खी घरी गेली.

त्यानंतर मी थांबले नाही. शांताक्कानं पत्ता काढून दिला, तशी दुसऱ्या गावच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरनं नळी काढली तशी मी म्हणाले, “माझी मायट्रलची झडप आवळलीय. फुगा घालता का? घालत नसाल तर बटणं सोडणार न्हाय.” तो बघतच राहिला. पण घातला. माझ्या छातीतला सुंदर आवाज गेला. कारखान्यातल्या वाळूच्या पाट्या मी पुढं कितीतरी वर्षं उचलल्या. आता म्हातारी झालेय. सुरेखा असती तर आज तिच्या केसांत पांढरे आले असते.

आमच्या वस्तीतली कुठलीही बाई दवाखान्यात निघाली की मी सोबत जाते. रक्त काढायला सुई आली की विचारते, कशासाठी? कुणाच्या अभ्यासासाठी? त्यात हिचा फायदा काय? यावर उपाय आहे का, आणि तो वरच्या मजल्यावर देता का? नर्सा मला बघून तोंड वाकडं करतात. करू देत.

अभ्यासाला माझा विरोध नाही. कुणाच्या तरी काळजावर कुणीतरी शिकलं, म्हणून माझ्या शिरेतून तार गेली. एवढं मला कळतं. म्हणून लेकीला सांगून ठेवलंय. मी मेले की माझं काळीज त्या हॉलला दे. तीच फळी, तीच रिकामी जागा. पण बरणीवर चिठ्ठी मराठीत लागेल. माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं. सुरेखानं विचारलं होतं तेच आडनाव, मोठ्या अक्षरात. त्याखाली एक ओळ: हिच्या दुखण्यावर उपाय होता, तो इथं हिला सांगितला नाही.

ही ओळ लावायची तयारी नसेल, तर माझ्या काळजाला हात लावायचा नाही.