खिळेकाकांचं शेवटचं पान

पहिली एक सोडली तर खिळेकाकांनी कुठलीही कादंबरी कागदावर लिहिली नाही. थाप वाटेल, पण मी या डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. छापखान्यातल्या शिशाच्या अक्षरांना खिळे म्हणतात. काका त्या खिळ्यांच्या खणांसमोर उभे राहायचे, डाव्या हातात जुळणीची पट्टी धरायचे आणि उजव्या हातानं एकेक खिळा उचलत थेट कादंबरी रचत जायचे. वही नाही, टिपण नाही, काही नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "आदी कागदावर लिवायचं आन् मग त्येच खिळ्यात जुळवायचं? एकाच जेवणाचा सैपाक दोनदा कोन करतंय?" गल्लीनं त्यांना खिळेकाका म्हणायला सुरुवात केली ती यावरूनच, आणि पुढे पोस्टमनसुद्धा त्याच नावानं हाक मारू लागला.

मूळचे ते मोडनिंबचे. सोलापुरात एका गिरणीच्या कचेरीत कारकून होते. नोकरीत असताना त्यांनी पहिली कादंबरी लिहिली, गोदी नावाच्या मेंढपाळाच्या पोरीची, आणि पुण्याच्या एका प्रकाशकाकडे पाठवली. छापून आली. काकांनी पेढे वाटले, मग पुस्तक उघडून शेवट वाचला. काकांच्या हस्तलिखितात गोदी नवऱ्याचं घर सोडून आपल्या मेंढरांकडे परत जाते. छापील पुस्तकात तिनं विहिरीत उडी घेतली होती. का, तर घर सोडलेल्या बाईचा शेवट बरा दाखवला तर सभ्य वाचक रागावतील! काकांनी तक्रार केली, त्यावर प्रकाशक शेठनी उलट टपाली कळवलं की मजकूर बरहुकूम छापला आहे. काका ही गोष्ट सांगायला लागले की त्यांचा आवाज चिरकायचा. "माजी पोरगी ढकलली की वो त्येंनी हिरीत," म्हणायचे, "आन् वर म्हनत्यात, बरहुकूम."

दुसरा एखादा दोन दिवस चडफडला असता आणि गप्प बसला असता. काकांनी नोकरी सोडली आणि एक जुनं ट्रेडल मशीन आणून सात रस्त्याच्या अलीकडे, आमच्या शेजारच्या पत्र्याच्या खोलीत बसवलं. पायानं दाबायचं, हातानं कागद घालायचा, असलं यंत्र. त्या काळी छापखाना काढायचा तर सरकारदरबारी जबानी द्यावी लागे. कचेरीतल्या कारकुनानं विचारलं, लेखक कोण? काका म्हणाले, मी. छापणार कोण? मी. विकणार कोण? मीच. कारकून वैतागून म्हणाला, "मग वाचणार तरी कोण?" काका म्हणाले, "त्येवढं तुमी बघा की!" हा किस्सा ते इतक्या वेळा सांगत की शेवटी मी मध्येच हात वर करून थांबवायची.

यंत्राचं वेड म्हणाल तर विचारू नका. सायकल काय, ग्रामोफोन काय, जे नवं निघेल ते या माणसाला बघायचंच असायचं. "नवं यंत्र दिसलं की आदी त्येला नमस्कार करायचा, मग त्येचा कान पिळायचा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्या गल्लीत वीज आली तेव्हा लोक दिव्याचं बटण दाबायलाही भीत होते. काकांनी नरसय्याला, म्हणजे पलीकडच्या पद्मशाली आळीतल्या गिरणीच्या फिटरला, हाताशी धरून ट्रेडलला विजेची मोटर जोडली. पहिल्याच दिवशी काकांना असा झटका बसला की ते थेट कागदाच्या गठ्ठ्यावर जाऊन पडले. नरसय्या "अय्यो, अय्यो" करत धावला. काका पडल्या पडल्या विचारतात काय, "मशीन चालतंय का न्हाय?" चालत होतं. मग काकांनी तिथूनच मशीनला हात जोडले.

कादंबरी ते भागाभागांनी छापत. सायकलीच्या मागे भाग बांधायचे, पुढे ग्रामोफोन लावायचा, आणि गिरणीचा भोंगा व्हायच्या वेळेला गेटावर जाऊन उभं राहायचं. एखादा वाचता येणारा गडी भाग घ्यायचा आणि बाकीचे त्याच्याभोवती कोंडाळं करून ऐकायचे. मोडनिंब-टेंभुर्णीकडे जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीचे ड्रायव्हरही गठ्ठे घेऊन जात. तेव्हा चालू होती ती चंद्रीची कादंबरी. चंद्रीला टेंभुर्णीला दिलेली, नवरा तऱ्हेवाईक, सासू खाष्ट. पुढच्या भागाची लोक अशी वाट बघत की काका रस्त्यानं निघाले तरी बायका दारात येऊन विचारायच्या, "काका, चंद्रीचं कसं हाय?"

आता काकांकडे खिळे होते थोडे. आठ पानं जुळवून छापली की ती मोडून खिळे पुन्हा खणात टाकायचे आणि पुढची जुळवायची. हस्तलिखित तर नाहीच. छापलेला भाग पुन्हा वाचायचा काकांना कंटाळा. मग जे व्हायचं तेच झालं. एका भागात चंद्रीची सासू पटकीनं मेली. चांगली मेली, तिच्या तेराव्याचं जेवणही झालं. आणि पुढच्या एका भागात तीच सासू उंबऱ्यात उभी राहून चंद्रीला शिव्या देते आहे!

तो भाग माझ्या हातात पडला. मी तेव्हा पंचविशीतली, नवरा गेल्यावर भावाकडे परत आलेली. दादा शाळामास्तर, त्यामुळे घरात वाचायला मिळायचं, तेवढंच काय ते सुख. माझ्या उभ्या जन्मात मी परक्या पुरुषाशी आपणहून बोलले नव्हते. पण ती सासू बघून मला राहवेना. तशीच शेजारी गेले आणि दारातून म्हणाले, "काका, हिची सासू मेली आहे."

"आं? कवा?"

"मागच्याच्या मागच्या भागात. तुम्हीच मारलीत."

काकांनी कपाळाला हात लावला. मग मोठमोठ्यानं हसायला लागले. "आन् मेल्यावर बी शिव्या घालती! सासू म्हंजे सासू!" पुढच्या भागात त्यांनी सरळ छापून टाकलं की सासू मेली होती हे लेखक विसरला, सासू मात्र आपला हक्क विसरली नाही. आणि मला म्हणाले, "अक्का, उद्यापास्नं हितं येऊन बसा. मला मानूस पायजेच हाय."

वहिनीनं आकाशपाताळ एक केलं. लोक काय म्हणतील, हे एक आणि शाईचे हात घेऊन स्वयंपाकघरात येणार का, हे दुसरं. दादा मात्र "जाऊ दे तिला" एवढंच म्हणाला आणि मी गेले. आमच्या घरात विधवेनं दिवसातून एकदाच जेवायचं, तेही सगळ्यांचं झाल्यावर. भूक हा शब्द मी किती वर्षांत उच्चारला नव्हता. त्या रीतीची चीडही येत नव्हती हो, इतकी ती अंगवळणी पडली होती.

काकांच्या छापखान्यात कोपऱ्यात भाजलेल्या शेंगांचं पोतं असायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "अक्का, शेंगा चालत्यात न्हवं तुमाला? भूक लागली असंल."

"नाही लागली," मी म्हणाले.

"बरं," म्हणून त्यांनी माझ्या खणांच्या कडेवर मूठभर शेंगा ठेवल्या आणि पाठ फिरवून मशीनकडे गेले. त्यांची पाठ फिरली की मी खायची. रोज हेच. ते विचारायचे, मी नाही म्हणायची, शेंगा यायच्या आणि संपायच्या. टरफलं कुठं जातात हे त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही.

शिकवताना मात्र माणूस फार खवट. खिळा उलटा लागला की "अक्का, आपून शेवया वळतोय का?" असं सगळ्यांसमोर म्हणायचे. मीही काही गरीब गाय नव्हते, तिथल्या तिथे उत्तर द्यायची. खिळ्यांवर अक्षर आरशातल्यासारखं उलटं असतं. सुरुवातीला माझं डोकं भणभणायचं. काका म्हणायचे, "डोळ्यानं शोदू नका. बोटाला सांगा, त्ये बरोबर घेऊन येतंय." वर्ष उलटलं तसं माझं बोट खरंच आपणहून खणात जायला लागलं. भावाच्या घरची आश्रित बाई जुळारी झाली. हे साधं नव्हतं, आणि ते मला कुणी दिलं हे मी कधी विसरले नाही.

मग काकांचे डोळे गेले. एकाएकी नाही. आधी लहान खिळे दिसेनात, मग मोठे, मग माणसं. मिरजेपर्यंत जाऊन आले, उपयोग झाला नाही. काही दिवस नुसत्या बोटाच्या सवयीवर जुळवत राहिले, पण चुका व्हायला लागल्या तसे एके दिवशी पट्टी माझ्या हातात देऊन स्टुलावर बसले. तेव्हापासून ते सांगायचे आणि मी जुळवायची. चंद्री नवऱ्याचं घर सोडून टेंभुर्णीच्या मोटार-स्टँडवर येऊन उभी राहिली होती. एकच भाग उरला होता.

काका अस्वस्थ झाले. मला वाटलं शेवट सुचत नसेल. तसं नव्हतं. एकदा म्हणाले, "अक्का, तुमच्यावर इस्वास हाय. पर गोदीच्या टायमाला बी मला सांगितलंवतं, बरहुकूम हाय म्हनून. ही पोरगी जित्ती ऱ्हायली का न्हाय, त्ये मला सोताला वाचायचं हुतं."

भाग विकण्याचं काम तेव्हा काकांचा पुतण्या दत्तू बघायचा. पुढे छापखाना त्याच्याकडेच जाणार होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "अक्का, वकिलांची, मास्तरांची घरं भाग बंद करायच्या गोष्टी करायलीत. चंद्रीला भीमेत उडी मारू दे. काकांना त्यांचा शेवट वाचून दाखवा, छापू दुसरा. त्यांना कुटं दिसतंय आता?"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "दत्तू," मी म्हणाले, "पुण्याच्या शेठनं निदान काकांचं मीठ खाल्लेलं नव्हतं. मी शेंगा खाल्ल्यात त्यांच्या." तो म्हणाला, "उद्या तुमचं काम गेलं तर?" मी म्हणाले, "जाऊ दे." म्हणाले खरी, पण काम गेलं तर पुन्हा वहिनीच्या स्वयंपाकघराचा कोपरा होताच.

ती कादंबरी आजही कुणाकुणाच्या घरी सापडते. दोन चिमुकली वाक्यं, आणि त्यांनीच शेवटचं अख्खं पान भरलेलं, तमाशाच्या जाहिरातीसारख्या भल्यामोठ्या अक्षरांत. तेव्हा लोक हसले होते. हे पान ओरडतंय, म्हणाले. अलीकडे एका विद्वानांनी मला विचारलं की लेखकाला यातून काय सुचवायचं होतं. मी म्हणाले, लेखकाला काही सुचवायचं नव्हतं, लेखकाला वाचायचं होतं.

छापखान्यात जाहिरातींचे लाकडी खिळे होते, चांगले बोटभर उंचीच्या अक्षरांचे. दत्तूशी बोलणं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी काकांनी शेवट सांगितला. मी तो आमच्या बारीक शिशाच्या खिळ्यांत जुळवलाच नाही. ते लाकडी खिळे काढले, पुसले, आणि दोन वाक्यं त्यांत जुळवून चौकटीत आवळली. दत्तू शाईचा रूळ घेऊन उभा होता. मी त्याला थांबवलं. शाई लागायच्या आधी काकांचा हात धरून चौकटीवर ठेवला आणि म्हणाले, "काका, वाचा."

काकांची बोटं पहिल्या अक्षरावर थबकली. मग हळूहळू सरकायला लागली. उलटी अक्षरं वाचायची त्यांना जन्माची सवय. ओठ हलत होते. *चंद्री सोलापुरात उतरली.* तिथं थांबले, पुन्हा मागं जाऊन 'उतरली' चाचपलं. मग पुढची ओळ. *तिला लई भूक लागली होती.*

"हाय," काका म्हणाले. "जित्ती हाय." आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. दत्तूनं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि रुळाला शाई लावायला घेतली. वाईट नव्हता तो मुलगा. माझं कामही गेलं नाही. माझी बोटं आखडेपर्यंत मी त्याच छापखान्यात जुळवत राहिले, माझ्या कमाईचं खाल्लं, भाचीला शिकवलं. काका त्या उन्हाळ्यात मोडनिंबला गेले ते परत आलेच नाहीत.

पण त्या दिवशी मशीन सुरू झालं आणि पहिला कागद छापून बाहेर पडला, तेव्हा काका चाचपडत कोपऱ्यातल्या पोत्यापाशी गेले. मूठभर शेंगा घेऊन आले आणि आवाजाच्या अंदाजानं माझ्यासमोर हात धरला. या वेळी पाठ फिरवली नाही.

"अक्का, भूक लागली असंल."

"हो काका," मी म्हणाले, "लई लागलीय."