माझ्याच मागणीला माझाच नकार

आधी चहा घ्या, मग काय हसायचं ते हसा. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारे तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. मी तो रीतसर जावक क्रमांक टाकून पाडला!

मी भिवंडीतल्या एका सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेचा कारकून, आणि वर कर्मचारी संघटनेचा सचिव. नव्या सेवानियमांत एक कलम आलं: यापुढे बदली, ड्युटी ठरवताना संघटनेशी चर्चा करायचं साहेबांवर बंधन नाही. म्हणजे आम्ही नुसत्या माना डोलवायच्या!

पहिला फटका आमच्या शिपाई शेवंताताईंना. ड्युटी सकाळी सातची, आणि अकलोलीहून त्यांची पहिली एसटी पोचते साडेसातला! रोज लेटमार्क.

मी चिडून संघटनेतर्फे साहेबांना दोन पानी पत्र ठोकलं. चर्चेचा हक्क परत द्या, सुरुवात शेवंताताईंच्या ड्युटीपासून करा!

आठवड्यानं एका ओळीत नकार आला. ‘आपली मागणी नियमात बसत नसल्याने दप्तरी दाखल करण्यात येत आहे.’

माझी तळपायाची आग मस्तकात. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना गोळा केलं.

"हे लिहिणाऱ्याला काळीज आहे का? असला निगरगट्ट माणूस आपल्यात बसतो?"

"नाम बताओ उसका!" ड्रायव्हर अन्सारीभाई गरजले. "घेराव डालेंगे!"

वीस जण साहेबांच्या केबिनमध्ये घुसलो. मी टेबलावर हात आपटला. "मसुदा कुणी केला? नाव पाहिजे!"

साहेबांनी शांतपणे फाईल माझ्याकडे फिरवली. उत्तराच्या स्थळप्रतीवर, म्हणजे कार्यालयात राहणाऱ्या प्रतीवर, खाली डाव्या कोपऱ्यात, मसुदा करणाऱ्याची छोटी सही. माझी!

अहो, संघटनेचं पत्र टपालातून आस्थापनेकडेच येणार ना? म्हणजे माझ्याच टेबलावर! सोमवारचा ढीग, वीस वर्षांची सवय. ‘मागणी’ हा शब्द दिसला आणि हातानं डोक्याला न विचारताच नकार लिहून टाकला. साहेबांनीही न वाचता सही केली.

"चर्चेला माझी ना नाही," साहेब म्हणाले. "पण बोलू कुणाशी? मागणारे तुम्ही, नाकारणारेही तुम्हीच."

शेवंताताईंनी कपाळाला हात लावला. "भाऊ, आधी तुमी दोघं काय ते ठरवा, मंग मला सांगा. माजी एसटी काय लवकर यायची न्हाय!"

आता नवं पत्र लिहिलंय. सोबत संघटनेनं एक ठरावही केलाय: उत्तर येईपर्यंत सचिवांनी रजेवर जावं. आजवर आमचा एकही ठराव एकमतानं झाला नव्हता. हा झाला. मीसुद्धा हात वर केला!