नदी मोकळी नाही

ड्रीमा क्रिमीन्स कमी बोलायची, आणि बोलायची तेव्हा बहुतेक वेळा आकडेच बोलायची. तीनशे. अडीचशे. डावीकडे दहा. ही सवय तिला ओहायो नदीने लावली होती. अठरा वर्षं तिने कोळशाच्या बोटींवर खलाशी म्हणून काढली. दोरखंडांनी एकमेकांना जखडलेले पंधरा बार्ज, म्हणजे कोळसा भरलेले सपाट तराफे, त्यांच्या पार मागे त्यांना ढकलणारी टगबोट, आणि टगबोटीच्या वरच्या काचेच्या खोलीत कप्तान. पुढचं टोक त्याच्यापासून हजार फुटांवर. धरणाच्या कडेला बोटी खाली-वर करायची अरुंद गल्ली असते, तिच्यात हा सगळा पसारा घालताना कप्तानाला भिंत दिसतच नाही. म्हणून टोकावर ड्रीमा उभी असायची, हातात रेडिओ घेऊन. "भिंत दोनशे. उजवीकडे सहा. दीडशे. उजवीकडे चार." कप्तान त्या आवाजावर हजारो टन लोखंड पुढे सरकवायचा. त्या आवाजात 'बहुतेक', 'साधारण', 'होईल काहीतरी' असले शब्द नव्हते. असते, तर आज तिला दोन्ही पाय नसते.

गुडघे कुरकुरायला लागल्यावर ती जमिनीवर आली आणि माणसांचं बोलणं ऐकून हैराण झाली. काय ते गुळमुळीत! टॅनर्स लँडिंग या गावात कुणी 'पाच मिनिटांत येतो' म्हणालं की ड्रीमा घड्याळ बघायची, आणि तो माणूस पंचवीस मिनिटांनी हसतहसत आला की त्याच्याकडे अशी बघायची जणू तो चपलांना शेण लावून घरात शिरलाय. शेवटी ती पुन्हा पाण्यावरच गेली. या काठावरून त्या काठावर सहा गाड्या नेणारी फेरीबोट ती चालवू लागली. घरात नवरा नव्हता, पण नवऱ्याची आई होती. ब्याऐंशी वर्षांच्या ओपलला सगळं गाव आज्जी याच अर्थाने 'मॅमॉ' म्हणायचं. दोघींचं घर त्या फेरीबोटीवर चालायचं.

फेरीचा करार गावाच्या कौन्सिलचा. दर तीन वर्षांनी हात वर करून ठरायचा. यंदा तो चार जुलैनंतरच्या मंगळवारी ठरणार होता. कौन्सिलवर पाच जण, आणि त्यांतले तिघे हात वर करण्याआधी थर्मन ब्लेड्सोच्या तोंडाकडे बघायचे. उरलेल्या दोघांपैकी एक थर्मन स्वतः.

थर्मनचं गाड्यांचं मोठं दुकान होतं. शाळेत तो गणिताच्या पेपरला ड्रीमाच्या मागे बसायचा आणि बाहेर आल्यावर 'सोपा होता' म्हणायचा. तीच कमाई त्याने आयुष्यभर केली. यंदाची चार जुलैची, देशाच्या स्वातंत्र्यदिनाची आतषबाजी त्याने पुरस्कृत केली होती, आणि ते कुणाच्या नजरेतून सुटू नये म्हणून नदीकाठच्या बागेत देशाच्या झेंड्याहून मोठा फलक लावला होता. फलकावर त्याचे दात होते.

आतषबाजीची रीत अशी. नऊ ते दहा नदी बंद, तसा तटरक्षक दलाचा कागद. शोभेची दारू भरलेला बार्ज पलीकडच्या काठालगत बांधायचा, त्याच्याभोवती हजार फुटांवर पाण्यावर तरंगणारे नारिंगी बोये टाकायचे. त्या रेषेच्या आत एकही बोट नको. प्रवाहाच्या खालच्या अंगाला शेरिफची बोट, वरच्या अंगाला ड्रीमाची छोटी टग, एरवी फेरीबोट ढकलणारी. दारू उडवणारी बाई, आयनेझ फ्यूगेट, बार्जवर वाळूच्या पोत्यांच्या खोबणीत बसायची. तिथून तिला आभाळाशिवाय काही दिसायचं नाही. वरच्या बोटीवरून 'नदी मोकळी' असा आवाज आल्याशिवाय ती बटणाला बोट लावायची नाही. तो आवाज बागेतल्या भोंग्यांवरही ऐकवायचे, आणि तो आला की चार हजार माणसं आरोळी ठोकायची. वर्षातून एकदा गाव ड्रीमासाठी टाळ्या वाजवायचं, तेही तिच्यासाठी नव्हे हे तिला ठाऊक होतं.

दहाला नदी उघडणार, कारण खाली धरणापाशी 'लोरेना बी' ही टगबोट कोळशाचे बार्ज घेऊन थांबलेली असायची.

नवाला पाच मिनिटं असताना 'बिग डील' आली. थर्मनची पांढरीशुभ्र, दुमजली, नदीला न शोभणारी बोट. बोये ओलांडून आत शिरली आणि तिने नांगर टाकला.

ड्रीमाच्या टगवर घडीच्या खुर्चीत मॅमॉ ओपल मांडीवर बटाट्याच्या सॅलडचा डबा घेऊन बसली होती. ती म्हणाली, "आलं बघ ध्यान."

ड्रीमाने कर्णा उचलला. "थर्मन, तू रेषेच्या दोनशे फूट आत आहेस. मागे हो."

"ड्रीमा! ये ना गं, चिकन तळलंय!"

"मागे हो."

"अगं, ही आतषबाजी कुणाची? माझी. माझ्याच वाढदिवसाला मी दाराबाहेर उभा राहू?"

"वाढदिवस देशाचा आहे रे, टोणग्या!" ओपल खुर्चीतूनच ओरडली.

'बिग डील'वर हशा झाला. थर्मनने बर्फाचा ग्लास उंच केला आणि पाय कठड्यावर ठेवले.

नऊ वाजले. ड्रीमाने रेडिओ तोंडाशी धरला. तो आवाज बागेतल्या भोंग्यांतून गावभर गेला.

"वरची बोट बोलतेय. नऊ वाजलेत. रेषेच्या आत एक बोट. पांढरी, नाव 'बिग डील'. नांगर टाकलेला. बार्जपासून आठशे फूट. नदी मोकळी नाही."

आरोळी ठोकायला उघडलेली चार हजार तोंडं तशीच राहिली.

तिसऱ्या मिनिटाला महापौर गेलन प्रूइटचा फोन. "ड्रीमा, बाई, काय लावलंयस हे? लोक ताटकळलेत."

"थर्मनला सांग बोट हलवायला."

"त्यांना कसं सांगू? त्यांनीच तर सगळं केलंय! हे बघ, आठशे काय नि हजार काय. दोन शब्द म्हणायचेत फक्त."

"ते दोन शब्द खोटे आहेत, गेलन."

पलीकडे एक सुस्कारा. "मंगळवारी सभा आहे, आठवतंय ना? मी आपलं तुझ्या भल्याचं सांगतो."

"तू माझ्या भल्याचं सांगतोस तेव्हा आवाज थर्मनसारखा येतो," ड्रीमा म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

शेरिफचा माणूस, लायल, खालच्या बोटीवरून रेडिओवर आला. शेरिफच्या सगळ्या गाड्या थर्मनच्या दुकानातून येत. "ड्रीमा, मला तर इथून काही दिसत नाहीये."

"बघशील तर दिसेल, लायल."

नऊ वाजून पंधरा मिनिटं. "रेषेच्या आत एक बोट. 'बिग डील'. बोटीवर चार माणसं. त्यांतला एक कोंबडीची तंगडी खातोय. नदी मोकळी नाही."

बागेत कुणीतरी फसकन हसलं. पण बाकीचे चिडले होते, आणि चिडले होते ड्रीमावर! काठावरून ओरडणं पाण्यावर स्वच्छ ऐकू येत होतं. "अगं ए, पोरं पेंगतायत!" "हिला कुणी बसवलं तिथं?" "घाबरट कुठली, पेटव की!" चार हजार माणसं, आठ हजार डोळे, आणि एकाही डोळ्याला डोंगराएवढी पांढरी बोट दिसेना. निम्म्यांच्या गाड्यांच्या पाठीवर ब्लेड्सोचं नाव होतं. ज्याच्या दुकानात बसून फुकटची कॉफी प्यायची त्याच्याकडे बोट कसं दाखवायचं? त्यापेक्षा फेरीवाली बरी. तिच्याकडे कॉफी मिळत नाही.

मग रेडिओवर एक थकलेला, घोगरा आवाज आला. "वरची बोट, मी आयनेझ. फोनवरून माझ्या कानाशी हे गावातले लोक सारखं म्हणतायत की सगळं ठीक आहे, सुरू कर. मला काही दिसत नाही. तू काय म्हणतेस?"

"एक बोट आत. आठशे फूट. वारा तिच्याकडे."

"म्हणजे निखारे त्यांच्या टाळूवर."

"नदी मोकळी नाही."

"ठीक. बसलेय मी."

ड्रीमाने रेडिओ खाली ठेवला. ओपलने चमच्याने बटाटे ढवळत विचारलं.

"मंगळवारी काय होईल?"

"फेरी जाईल."

"मग आपण काय करायचं?"

"माहीत नाही, मॅमॉ."

ओपलने सॅलडचा एक चमचा खाल्ला. "मीठ कमी पडलंय," ती म्हणाली. "तू तिकडे बघ. बोये बघ."

साडेनऊला ड्रीमाने पुन्हा तेच सांगितलं. नऊ पस्तीसला पुन्हा. शब्द तेच, पट्टी तीच. तिला कुणाला लाजवायचं नव्हतं. जे होतं ते सांगत होती. पण तेच तेच ऐकून गावाला शेवटी कळलं, की दहा वाजले की नदी उघडणार, कोळसा येणार आणि दारू बार्जवरच राहणार. पोरांना घेऊन सुकत बसलो ते फुकट!

नऊ अडतीसला काठावर एका गाडीचा भोंगा वाजला. मग दुसरा. मग सगळा काठ एकसुरात बोंबलू लागला, थर्मननेच विकलेल्या गाड्यांच्या भोंग्यांनी. हे धैर्य होतं असं कुणी समजू नये. अंधारात, काचा वर करून भोंगा दाबायला तोंड दाखवावं लागत नाही.

थर्मनचे पाय कठड्यावरून खाली आले. जरा वेळ तो उभा राहिला, हसायचा प्रयत्न करत. मग नांगराकडे गेला. बटण दाबलं. घरघर झाली. दोर ताणला आणि थांबला. पुन्हा घरघर. नांगर तळाच्या ओंडक्यात अडकला होता, आणि बोट घेतल्यापासून थर्मनने नांगर स्वतः कधी उचललाच नव्हता. ते काम दुकानातला माणूस करायचा.

"ड्रीमा!" आता आवाज वेगळा होता. "अगं, हे... हे येत नाहीये!"

ड्रीमाने टग रेषेच्या आत घातली आणि 'बिग डील'ला भिडवली. दोर फेकला. "खुंट्याला बांध."

"कुठल्या?"

"तुझ्यासमोर आहे त्या."

थर्मनने बुटाची नाडी बांधतात तशी गाठ मारली. फुलपाखरू काढलं अगदी.

"सुंदर!" ओपल म्हणाली. "आता त्यावर रिबिन लाव."

ड्रीमा कठडा ओलांडून आली. तिने फुलपाखरू सोडलं, दोन फेऱ्यांत दोर बांधला, पुढे गेली आणि कमरेचा चाकू काढून नांगराचा दोर कापला.

"नवा होता तो नांगर!"

"तळाशीही नवाच राहील."

थर्मन जवळ आला. दारूचा, अत्तराचा वास. हळू आवाजात म्हणाला, "मंगळवारी बघतो तुला."

"बघ. आत्ता खाली बस, पडशील."

बोट बोयांबाहेर निघाली तेव्हा नऊ एकोणपन्नास झाले होते. ड्रीमाने रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली, मग पुन्हा उलट पाहिली.

"वरची बोट. रेषेच्या आत काही नाही. नदी मोकळी."

"अकरा मिनिटं," आयनेझ म्हणाली. "माझ्याकडे चाळीस मिनिटांचा माल आहे, आणि भरलेली नळकांडी रस्त्यावरून परत नेता येत नाहीत. कान झाका."

मग आभाळ फाटलं. एक फूल विझायच्या आत त्याच्या पोटात दुसरं, त्याच्या पोटात चार. लाल, पांढरं, हिरवं, सगळं एकमेकांच्या अंगावर. नदी वरून खालून पेटली. खिडक्यांची तावदानं थडथडली, कुत्री खाटांखाली गेली, ओपलने डब्यावर झाकण दाबून धरलं. काठावर माणसं ओरडत नव्हती; नुसती आ वासून उभी होती. ड्रीमाने त्यातलं काही पाहिलं नाही. ती बोये बघत होती.

दहाला शेवटचा बार विझला. धूर इतका की पाणी दिसेना. खालून लांबलचक शिटी आली. "ड्रीमा, 'लोरेना'वरून हॉबर्ट. इथून मला फक्त दूध दिसतंय. काय आहे तिथे?"

"दारूचा बार्ज पलीकडच्या काठाला बांधलेला. तुझ्या मार्गात एक नांगर, तळाशी, बेवारस. बाकी मोकळं. ये."

"येतो," म्हातारा कप्तान म्हणाला, आणि पंधरा बार्ज त्या धुरात शिरले.

शनिवारी गावच्या साप्ताहिकात थर्मनचा फोटो होता. 'गावाच्या इतिहासातली सर्वांत भव्य आतषबाजी.' मुलाखतीत तो म्हणाला, की लोकांची उत्कंठा ताणून मग एकदम सगळं उडवायचं ही कल्पना त्याचीच. बेकरीत, चर्चच्या पायऱ्यांवर, सगळे त्याच्या पाठीवर थाप मारत होते. भोंगे वाजवणारेही. त्यांना ते आठवतच नव्हतं, किंवा तेही आपल्या बेतातच होतं असं त्यांना आता वाटू लागलं होतं.

मंगळवारी सभेत ड्रीमा मागच्या बाकावर बसली. ओपल शेजारी. फेरीचा विषय निघाला आणि तिघांनी थर्मनच्या तोंडाकडे पाहिलं. थर्मनने घसा खाकरला. फेरी काढून घ्यायची तर कारण सांगायला हवं. कारण सांगायचं तर नांगर सांगायला हवा, फुलपाखरू सांगायला हवं, आणि मग साप्ताहिकातल्या फोटोचं काय करायचं? तो उठला आणि त्याने करार पुढे चालू ठेवण्याचा प्रस्ताव स्वतः मांडला. "आमच्या बेतात ड्रीमाची साथ मोलाची होती," असंही म्हणाला. टाळ्या झाल्या.

"उलटी येतेय मला," ओपल मोठ्याने म्हणाली. लोकांना वाटलं, म्हातारीला खरंच बरं नाही.

बुधवारी सकाळी पहिल्या फेरीला थर्मन आला. नवीकोरी गाडी, शेजारी गिऱ्हाईक. काच खाली करून तो गिऱ्हाइकाला सांगत होता, "ही ड्रीमा. मी आणि हिने मिळून ती गंमत..."

ड्रीमा बोटीच्या पुढच्या टोकाला, साखळीपाशी उभी होती. तिने हात वर केला.

"चार फूट. तीन."

थर्मन बोलायचा थांबला. साखळी त्याला बॉनेटमुळे दिसत नव्हती. त्याने तिच्या हातावर डोळे लावले.

"दोन. एक. थांब."

थर्मन थांबला.

"हँडब्रेक," ड्रीमा म्हणाली, आणि त्याने मुकाट ओढला.