साडी न घेतलेली बाई

यादीत माझं नाव नाही, हे मला खिडकीवरच्या कारकुनाने समोसा खाता खाता सांगितलं. त्याने आधी घास गिळायला हवा होता.

आमच्या नाक्यावर नवी मंडई झाली. खालच्या मजल्यावर सिमेंटचे ओटे. रस्ता रुंद झाला तेव्हा ज्या बायांच्या जागा गेल्या, त्यांना ते ओटे आधी द्यायचे असं ठरलं. मला वाटलं, चला, वीस वर्षांनी का होईना, न्याय आला. मला गरजही होती. माझा भाड्याचा गाळा मालकाने बिल्डरला विकला होता आणि तो पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे लोक वर्षाची सुकी मासळी भरून ठेवतात त्या ऐन दिवसांत, खाली करायचा होता. सुकट, सोडे, बोंबील, वाकट्या. माझं सगळं वर्ष त्या दोन महिन्यांवर चालतं. ओटा मिळाला तर धंदा राहणार, नाही तर साठीला टेकलेल्या बाईने पुन्हा डोक्यावर टोपली घ्यायची.

आणि यादीत नाव नाही.

ती यादी कसली, हे सांगायला हवं. त्या वेळच्या आमच्या आमदारांना सगळे साहेब म्हणत. मीही इथे तेच लिहिते, सवयीने, मानाने नाही. या माणसाबद्दल मधलं मत असलेला इसम मला कर्जत-खालापुरात अजून भेटलेला नाही. डोंगरातल्या वाड्यांवर आज जीप जाते ती साहेबांमुळे. बाळंतीण झोळीतून खाली आणणं थांबलं ते त्यांच्यामुळे. ज्यांची भाताची खाचरं कंपन्यांच्या कुंपणात गेली, तेही त्यांच्यामुळेच. गावागावांत दोन गट पडले, भावाभावांत लग्नाची आमंत्रणं थांबली. माझ्या घरात दीर त्यांचा माणूस आणि नवरा त्यांच्या विरुद्ध. आठ वर्षं एकाच पडवीत दोघे एकमेकांकडे पाठ करून जेवले. ताटं मी वाढत होते.

नाक्यावरच्या बायांना उठवायचं ठरलं तेव्हा साहेबांनी नोटीस काढली नाही, मांडव घातला. प्रत्येक बाईला साडी, खण, नारळ. नाव एका वहीत लिहायचं, पुढे सही किंवा अंगठा. वहीवर मथळा होता, ‘स्वेच्छेने जागा मोकळी करणाऱ्या भगिनी’. माझ्या शेजारी भाजी घेऊन बसायची त्या मैत्रिणीने हिरवी साडी घेतली आणि डोळ्यांना लावली. माझी पाळी आली. मी साडी हातात घेतली, साहेबांच्या पायांवर टाकली आणि म्हटलं, “ही तुमच्या आईला नेसवा, आनि मंग तिला उन्हात रस्त्यावर बसवा.”

दुपारी दोन महिला पोलीस आल्या. मला दंडाला धरून उचललं, माझी टोपली गटारात गेली. गटाराच्या पाण्यावर बोंबील तरंगत होते आणि साडी घेतलेल्या बाया ते बघत होत्या. त्यानंतर साहेब प्रत्येक भाषणात सांगत आले की नाक्यावरून एकाही बाईला बळाने हलवलं नाही, सगळ्या नवी साडी नेसून हसत घरी गेल्या.

मी त्यानंतर कशेळ्याच्या बाजारात बसले, शिळफाट्याला बसले, लोकांच्या ओसरीवर बसले. करंजा बंदरावरून माल आणायला पहाटेच्या टेंपोत पोत्यांवर बसून गेले. जे उभं केलं ते एकटीने केलं. आणि आता ती साडीची वहीच पुरावा ठरली होती. जिने साडी घेतली तिची तिथे जागा होती. जिने फेकली ती तिथे कधी बसलीच नव्हती.

मी खिडकीवर एवढी भांडले की आतून अधिकारी बाहेर आला. माणूस नवीन होता, वाईट नव्हता. म्हणाला, “बाई, मला कागद लागतो. नाहीतर त्या वेळचा कुणी जबाबदार माणूस आणा. सुनावणीत त्याचा जबाब घेतो.”

मैत्रीण सांगायला तयार होती, पण तिला स्वतःला ओटा मिळणार होता, म्हणून तिचा शब्द चालेना. नवरा वारला, दीर वारला. त्या वेळचा जबाबदार माणूस म्हणजे एकच उरला होता.

कर्जतहून कशेळ्याच्या जीपमध्ये बसले आणि ड्रायव्हरला सांगितलं, साहेबांच्या घरापाशी उतरव. जीपमध्ये माझ्यासकट अकरा माणसं होती. ड्रायव्हरने आरशातून बघितलं.

“तिथं कशाला गं मावशी? गेला का म्हातारा?”

“तोंड सांभाळ,” मागच्या सीटवरचा एक टोपीवाला म्हणाला. “त्यांच्यामुळं तुझी जीप या रस्त्यानं पळते.”

“रस्ता काय त्यांनी घरच्या खडीनं केला? माझ्या बापाची दीड एकर गेली त्या खडीखाली.”

“मंग पैसं घेतलं ना?”

“तुज्या तोंडात घालाया ठेवलंत थोडं.”

सगळे हसले, टोपीवालाही हसला. पण उतरताना ड्रायव्हर मला हळूच म्हणाला, “मावशी, त्याला इचार, रातचा झोप येते का म्हनावं.” आणि टोपीवाल्याने खिडकीतून हात बाहेर काढून त्या घराला नमस्कार केला.

साहेब पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. मला आठवत होता तो माणूस गाडीतून उतरला की रस्ता भरून जायचा. हा खुर्चीसुद्धा भरत नव्हता. बनियन, पायाला पट्टी, गुडघ्यावर काठी. समोरून मोटरसायकली जात होत्या. एखादा हात वर करी, एखादा मुद्दाम हॉर्न दाबून जाई. साहेब दोघांनाही मान हलवत होते. मला वाटलं, त्यांना दिसत नसेल. नंतर कळलं, चांगलं दिसत होतं.

“बोंबीलवाली,” ते म्हणाले. “ये. बस. आज काय फेकायला आणलंस?”

मी रिकाम्या हाताने आले होते, तेही ठरवून. बसले नाही. काम सांगितलं.

त्यांचा पुतण्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, “मावशी, काका चिठ्ठी देतील. लिहून घ्या काय पायजे ते.”

“चिठ्ठी नको,” साहेबच म्हणाले. “माझी सही बघितली की तिचा कागद सगळ्यात खाली जाईल. आता तिथं जे बसलेत ते माझं नाव वाचून हात धुतात.” मग माझ्याकडे बघत राहिले. “मी माझ्या बाजूचं बोललो तर कुणी ऐकनार नाय. माझ्याविरुद्ध बोललो तर लगेच लिहून घेतील. खरं ना?”

हा हिशेब मी जीपमध्येच केला होता. त्यांनी तो अर्ध्या मिनिटात केला.

“काका, नाय,” पुतण्या म्हणाला. “आयुष्यभर सांगितलंत, बाया आपनहून गेल्या. आता हिच्यासाठी...”

“तू आत जा रं.”

मग आमची घासाघीस सुरू झाली. मी उभ्या आयुष्यात पुष्कळ घासाघीस केली आहे, पण शब्दांवर कधी केली नव्हती.

“मी सांगतो, हिला समजूत घालून हलवलं,” साहेब म्हणाले.

“समजूत? माझ्या दंडावर चार बोटं उठली होती.”

“मंग, प्रशासनानं हटवलं.”

“प्रशासन कोन? त्याला तोंड हाय का? पोलिसांनी उचललं, आनि तुमी सांगितलं म्हनून उचललं.”

आतून कुकरची शिट्टी आली. “पोलिसांनी उचललं,” ते म्हणाले. “माझ्या सांगन्यावरून. बस?”

“नाय. चुकलं म्हना.”

“ते नाय म्हननार.”

“का?”

“रस्ता चुकला नाय म्हनून. तुझी सून बाळंत व्हायची असंल तर कुठनं नेतेस? त्याच रस्त्यानं ना? मी तुला उचलली, ते सांगंन. रस्ता चुकला, ते मरेपर्यंत सांगनार नाय.”

“मी रस्त्याचं इचारलं नाय. माझ्या टोपलीचं इचारलं.”

“टोपली...” एवढंच म्हणून ते थांबले. त्यापुढे शब्द आला नाही, आणि मी तो ओढून काढायचा सोडून दिला. मला ओटा हवा होता. ओट्यासाठी ‘चुकलं’ लागत नव्हतं. गिऱ्हाईक जिथे थांबतं तिथे सौदा पक्का करायचा, एवढं मला कळतं. मी केला, सुनावणीचा दिवस सांगितला आणि निघाले. पण परतीच्या जीपमध्ये माझ्या जिवाला बरं वाटत नव्हतं.

सुनावणी सकाळी अकराला होती. साहेब पुतण्याच्या गाडीतून आले आणि दोन मजले काठी टेकत चढले. वरच्या बोळात बाया आणि बाकीची गर्दी होती. एक म्हातारा शेतकरी चटकन उठून त्यांच्या पाया पडला. बाकावरचे दोन तरुण उठले नाहीत. एकाने पाय आणखी लांब केले, साहेबांनी काठी उचलून ते ओलांडले. शेवटी शिपायाने आपलं स्टूल दिलं. विरुद्ध गटाचा एक पुढारी आधीच येऊन बसला होता, हातात मोबाइल. त्याला कुणी कळवलं, मला माहीत नाही. मी कळवलं नव्हतं. पण त्याला बघून मला वाईट वाटलं नाही. म्हटलं, जेवढे साक्षीदार तेवढं बरं.

नाव पुकारलं तशी सगळी गर्दी आमच्यामागून खोलीत शिरली. अधिकाऱ्याने विचारलं, “तुम्ही या बाईंना ओळखता?”

“ओळखतो. ही सुकी मासळी घेऊन बसायची. पिंपळापासनं तिसरी.”

“मग यादीत नाव का नाही?”

साहेबांनी काठी दोन्ही हातांत धरली.

“हिनं साडी घेतली नाय. माझ्या पायांवर टाकली. दुपारी मी पोलिसांना सांगितलं, हिला उचला. त्यांनी उचलली.” मग, जे आमच्या सौद्यात नव्हतं तेही ते बोलले. “मी इतकी वर्षं सांगत आलो, सगळ्या आपनहून गेल्या. ते खरं नाय. साडी घेतलेल्याबी आपनहून गेल्या नव्हत्या.”

माझ्या मैत्रिणीने पदर तोंडाला लावला. तेवढ्यात तो मोबाइलवाला पुढे सरकला आणि अगदी अदबीने म्हणाला, “साहेब, जरा मोठ्यानं बोला ना. आवाज येत नाय. पयल्यापासनं घ्या.”

मागून हसू फुटलं. एकाने टाळी वाजवली. “पन्नास हजाराच्या सभेला ऐकू जायचा की आवाज!” दुसरा म्हणाला, “वन्स मोअर!”

पुतण्या लाल झाला. साहेबांनी हात करून त्याला थांबवलं. त्या मोबाइलकडे तोंड केलं, घसा साफ केला आणि सगळं पुन्हा, पहिल्यापासून, मोठ्याने सांगितलं. पिंपळापासून तिसरी. साडी. पोलीस. माझ्या सांगण्यावरून. खरं नाही. मध्ये एकदा आवाज चिरकला तेव्हा पुन्हा हसले.

मी त्यांच्या मागे चार हातांवर उभी होते. पाच बोंबलांवरून मी एकदा एका हवालदाराची टोपी काढली आहे. माझ्या गाळ्यापुढे कुणी म्हाताऱ्या माणसाला हिडीसफिडीस केलं तर मी वजन उचलून मारायला धावते, हे नाक्याला माहीत आहे. त्या दिवशी मी तोंड उघडलं नाही. अधिकारी लिहीत होता. त्याचं लिहून व्हायचं होतं. मी मध्ये बोलले, भांडण झालं, सुनावणी पुढे ढकलली, तर? एवढाच विचार होता. दुसरा कुठलाही नव्हता. वीस वर्षं मी मनात म्हणत आले होते की या माणसाला चार लोकांत मान खाली घालताना बघेन. त्यांनी मान खाली घातली नव्हती. पण लोक हसत होते, आणि मला ते हवं होतं असं मला वाटत आलं होतं.

जबाबावर सही झाली. खाली उतरताना पाया पडलेला तो शेतकरी मला म्हणाला, “बाय, दोन हात सिमेंटसाठी तू त्यांची अब्रू घालवलीस.” मैत्रीण दुसऱ्या बाजूने म्हणाली, “आनि आमची साडी काय झाली मंग? नातीला दाखवते मी ती, मान मिळाला म्हनून.”

जिन्याच्या वळणावर साहेब दम खायला थांबले होते. कठडा धरलेला. पुतण्या गाडी आणायला पुढे गेलेला. जिना अरुंद होता, पुढे जायचं तर त्यांना घासून जावं लागलं असतं. मी दोन पायऱ्या वर थांबले. हात द्यावा असं वाटलं, असं लिहिलं तर बरं दिसेल, पण तसं काही वाटलं नाही. नुसती थांबले. ते म्हणाले, “लिहिलं ना त्यानं नीट?” मी म्हटलं, “लिहिलं.” ते उतरू लागले.

ओटा मिळाला. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या भरणीच्या, आधीच मिळाला, तिसऱ्या रांगेत. साहेबांनी पडवीत बसणं बंद केलं आहे, असं जीपवाले सांगतात. मी त्यांना माफ केलेलं नाही, आणि त्यांनी माफी मागितलेलीही नाही. तो व्हिडिओ मात्र दोन्ही तालुक्यांत सगळ्यांच्या मोबाइलवर गेला. कुणी म्हणतं, मरायच्या आधी खरं बोलला एकदाचा. कुणी म्हणतं, म्हाताऱ्याला फसवून नेलं. मासळी घेता घेता लोक मला तो लावून दाखवतात, मी बघितलेला नसेल अशा समजुतीने. परवा एका पोशीरच्या बाईने मोबाइल माझ्या तोंडापुढे धरला. “मागं उभी ती तूच ना गं?”

“मीच.”

चित्रात सगळे साहेबांकडे बघतात. कुणी हसतंय, कुणी पडलेल्या चेहऱ्याने. मागची बाई एकटीच टेबलाकडे बघते आहे, अधिकाऱ्याच्या पेनाकडे.

“अर्धा किलो सुकट दे,” ती बाई म्हणाली. “कमी कर थोडं.”

मी केलं. न भांडता.