आळेफाट्याच्या दुकानातला माझा फोटो

महाळुंगे पडवळहून मी निघाले त्या दिवशी गाडी आळेफाट्याला चहासाठी थांबली होती. तिथून पुढे माळशेज, कल्याण, विमानतळ आणि मग जर्मनी. आबा टपरीशी उभे राहून म्हणाले, "तिकडं कुणी काय बी सांगल. पयलं सवता बघायचं, मंग हो म्हणायचं." आई पदरात तोंड खुपसून रडत होती, धाकटा दत्ता उगाच बॅगांच्या दोऱ्या आवळत होता. मला मात्र कधी एकदा घाट उतरतो असं झालं होतं. गावाचा मला तेव्हाही राग होता आणि आता तो वाढलाय. जे गावात राहिले त्यांना हे टोचेल. टोचू द्या.

इथं मी काचेवर लेप चढवणाऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. लेपाची पूड इतकी बारीक की डोळ्यांना कण दिसतच नाही. तिचा डबा उघडायचा तो हवा ओढून घेणाऱ्या पेटीच्या आत. अंगात पांढरा सूट, तोंडाला मास्क, हातात दुहेरी ग्लोव्हज. पहिल्या आठवड्यात त्या अवतारातला फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आमची नॅनो लॅब." सगळ्यांनी खाली शाबासकीचे अंगठे टाकले आणि मी विसरून गेले.

गेल्या वर्षी टोमॅटोच्या हंगामात दत्ताचा फोन आला. बोलताना खोकत होता. आळेफाट्याच्या एका दुकानातून पिकासाठी नॅनो टॉनिकची पूड आणली होती. पाण्याच्या पिपात ओतायची, हात कोपरापर्यंत घालून ढवळायची आणि पंपानं मारायची. "आक्के, पूड लई हलकी हाये, वतली की धुरळा उडतो. काय व्हत न्हाई ना?"

मी म्हटलं, पाकिटावर काय लिहिलंय ते वाच. त्यानं वाचलं. हिरवं पान, हसणारा शेतकरी आणि 'नॅनो तंत्रज्ञान'. आत काय आहे, बनवलं कुणी, कशाचाच पत्ता नाही.

मग मी शोधायला बसले. नॅनो म्हणजे फक्त आकार. पूड कशाची, कण केवढे, अंगात कुठून जाणार, हे कळल्याशिवाय चांगलं की वाईट हा प्रश्नच फुकट. पण हे कुणाला सांगायचं? एकीकडे विकणाऱ्यांचे व्हिडिओ, सगळं निसर्गाचं देणं असल्यासारखे. दुसरीकडे तोंडाला फडकं बांधून 'जहर, जहर' ओरडणारे, त्यांच्याकडेही पुरावा शून्य. मधे खरे अभ्यास, उंदरांवरचे, दुसऱ्याच पुडींवरचे, आणि शेवटी तेच वाक्य : अधिक संशोधनाची गरज आहे. माझ्या लॅबमधल्या प्रत्येक पुडीचा सुरक्षेचा कागद भिंतीवर लावलेला असतो. माझ्या भावाच्या पुडीला साधं नाव नव्हतं. मला इतका संताप आला की लॅपटॉप धाडकन मिटला.

दत्ताला फोन करून म्हटलं, "मला माहीत नाही. माहीत होईपर्यंत हात लावू नको. अगदीच मारायची झाली तर मास्क लाव."

"एवढं शिकून म्हायती न्हाई म्हणतीस? दुकानदार तर छातीठोक सांगतोय. अन् तुजाच फोटू लावलाय की त्यानं!"

दिवाळीला आले ती घरात बॅग टाकून तशीच आबांना घेऊन आळेफाट्याला गेले. दुकानात फ्लेक्स होता. पांढऱ्या सूटमधली मी, बाजूला पाकीट, वर 'आपल्या भागातल्या लेकीचं तंत्रज्ञान'. कुणी पाठवला, कधी पाठवला, सगळे हात झटकत होते. दुकानदार हसून म्हणाला, "ताई, अभिमान वाटला पायजे तुमाला."

"पाकिटात काय आहे?"

"नॅनो."

"नॅनो म्हणजे काय?"

"बारीक. म्हंजी पानात लगीच जातंय."

"आणि छातीत?"

तो गिऱ्हाइकांकडं बघून डोळा मारल्यासारखं हसला. मी फ्लेक्सवर बोट ठेवून ओरडले, "मी तोंड झाकलंय, हात झाकलेत, केससुद्धा झाकलेत. ते कशासाठी, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही?"

आबा मला आवरत बाकीच्यांना समजावून सांगायला लागले, "तिकडं थंडी लई असती ना, राव."

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांना ते पटलं होतं. मला रडू आलं आणि त्या रडण्याचाही राग आला. दुकानदारानं फ्लेक्स काढला, कारण मी पोलिसांचं नाव काढलं. पाकिटं होती तिथंच राहिली.

दुसऱ्या दिवशी दत्ता नुसत्या बनियनवर, पाठीला पंप लावून तीच पूड मारायला निघाला, तोही शेजारच्या वावरात. आमच्याकडं सावड असते; आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. मी वाट अडवली. जर्मनीहून आणलेला मास्क पुढं केला. म्हणाला, "आक्के, सावडीत माजी पाळी हाये. आज न्हाई म्हणलो तर माज्या बागंत उद्या कोण ईल? अन् हे लावून गेलो तर लोक हसत्यात." मास्क त्यानं खिशात घातला, माझं मन राखायला. तो बांधावरून गेला आणि मी बघत राहिले.

येताना त्या पुडीचं एक पाकीट घेऊन आले आणि ते इथल्या एका प्रयोगशाळेला तपासायला दिलं. त्यांना धातू सापडला. कणांचा आकार नक्की सांगता येत नाही म्हणाले. दत्ता अजून खोकतो. पुडीनं, तंबाखूनं की रस्त्याच्या धुळीनं, डॉक्टरलाही सांगता येत नाही, आणि हेच दुकानदाराच्या पथ्यावर पडतं. माझ्यासारखे बाहेर पडलेले तुम्ही कुणी असाल तर तुम्हालाही असे फोन येत असतील. खोटं बोलून त्यांना गप्प बसवू नका, एवढंच सांगते.

गेल्या रविवारी मी फोन केला. दत्तानं विचारलं, "कळलं का काय?"

"नाही."

"मंग फोन कशाला केलास?"

मी फोन ठेवला नाही. तो खोकत होता, मी ऐकत होते. उत्तर हातात नसताना मी जिथं फोन लावते ते एकच ठिकाण आहे, आणि त्यालाच मी अजून घर म्हणते.